शेरा

पौषातली पहाट. येडशीचं टेसन अजून झोपेत,
आणि मी, ब्लाउज शिवणारा माणूस,
बायकोच्या मागं मागं घाटावरच्या माळात.
तिच्या अंगात खात्याचं जर्किन, बाह्या चार बोटं लांब.
आत घेतो म्हणालो होतो. म्हणाली,
सरकारी हाय, राहू दे.

कालिंदा वनरक्षक आहे, तीन वर्षं झाली.
आज मोजणी, आणि सोबतीचा मजूर तापानं पडलेला,
म्हणून मी.
"पेन्सिल धर. खोकू नको.
वारं तिकडून येतंय, तोवर आपण इथं नाहीच."

हिवराचं खोड, त्याला पोत्याचा आडोसा.
समोर टँकरनं भरलेला सिमेंटचा पाणवठा,
काठाला मिठाची वीट, चाटून चाटून
मधोमध खोल गेलेली, आईच्या पाट्यासारखी.
पाण्यावर वाफ. सुईचं बोट बधिर.
बराच वेळ काहीच नाही.

मग गवतच उठून चालू लागलं.

आधी माद्या, वाळल्या कुसळीच्या रंगाच्या,
एकेक पाय उचलत, जणू भुई तापलेली.
एक थांबली की सगळ्या थांबायच्या.
"बारा," मी पुटपुटलो.
"चौदा. झुडपामागच्या दोन कोण धरणार?"

आणि तो आला.
लग्नसराईत कोट मीही शिवलेत.
पण पाठ काळी, पोट पांढरं,
आणि दोन्हींच्या मधे टीप नाही, दाब नाही, सुरकुती नाही.
अस्तर कुठं संपतं, कापड कुठं सुरू होतं,
दोनदा पाहिलं, सापडलं नाही.
डोळ्यांभोवती पांढरी कड, तीही हातशिलाईची वाटावी इतकी बारीक.
बापाला असा एक कोट बेतायचा होता.
गिऱ्हाईक मिळालं नाही.

उजव्या शिंगाच्या पिळात काहीतरी फडफडत होतं.
कालिंदानं दुर्बीण माझ्या हातात दिली.

चिंधी. वीतभर.
जांभळ्यावर पिवळी बुट्टी, कडेला फॉल.
माझी टीप मला कळते.
दर सहाव्या टाक्याला ती जरा डावीकडं सरकते.
मशीन दुरुस्त करता आलं असतं. केलं नाही.

ही साडी शेवंता नेसली होती भावाच्या हळदीला,
मग चुलीपुढं, मग खुरपणीला,
आणि औंदा दहा-बारा साड्यांबरोबर
ज्वारीच्या कडेनं ताणून बांधलेली, जनावर बिचकावं म्हणून.
ते रान रुळाच्या पलीकडं.
म्हणजे हा रात्री हद्द ओलांडून गेला,
हुरडा खाल्ला,
आणि कुंपणाचा तुकडा डोक्यावर मिरवत
परत आपल्या हद्दीत आला, पाणी प्यायला.

"कापड वळखीचं दिसतंय?"
तिनं विचारलं, माझ्याकडं न बघता.
"या रंगाच्या साड्या गावात ढीगभर असतील."
मापात मी कधी खोटं बोललो नाही.
हे माप नव्हतं.

तो वाकला. चिंधीचं टोक पाण्यात बुडालं,
रंग गडद झाला, नव्या साडीसारखा.
मग मिठाच्या विटेवर त्याची जीभ,
खरखर इतकी जवळ की माझ्या तळहाताला जाणवावी.

तेवढ्यात लातूरकडून मालगाडी.
भोंग्याबरोबर सगळा कळप हवेत,
एकाच वेळी नाही, दाणे फुटावेत तसा,
एक, मग चार, मग सगळे.
शेवटी तो. जांभळं काहीतरी
बोरीच्या वर चमकलं आणि गेलं.

वही उघडली. माझी बोटं वळेनात, म्हणून तिनंच लिहिलं.
नर एक. माद्या एकोणीस. पाडसं तीन.
पुढं शेऱ्याचा रकाना.
पेन्सिल तिथं टेकवून ती बसून राहिली,
पलीकडच्या रानातून कुणीतरी हाळी देईपर्यंत.
मग लिहिलं: पाणवठा वापरात आहे.

उतरताना मी तिच्या बाह्या दुमडल्या,
आधी डावी, मग उजवी.
तिनं दुमडू दिल्या.